पाण्याखालची तिसरी फळी

तिची तीस वर्षं जळक्या मोटारी भरण्यात गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं आणि त्यात खिडकीपाशी तिचं टेबल. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, शिलाई मशीनच्या मोटारी, जे काही जळून काळं व्हायचं ते तिच्यापुढे येऊन पडायचं. ती आतली करपलेली तार उपसून काढायची, वेढे मोजायची आणि नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांनी भरायची. मोजत असताना कुणी हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. नवखं गिऱ्हाईक समजायचं, बाई बहिरी आहे. जुनी गिऱ्हाइकं तिला कॉइलवाली म्हणायची आणि गप्प उभी राहायची.

तिचा नवरा होड्यांचा सुतार. बंदरात लहानथोर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. धक्क्याच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती, तिथे लाकडी होड्या पाण्याबाहेर टेकूंवर उभ्या करून ते दुरुस्त करत. घरात दोन धंदे आणि दोन्ही एकमेकांची टिंगल करणारे. मिस्त्री म्हणायचे, "तुझं काम दिसतं तरी का? तारेतून काय जातं आणि काय येतं, देव जाणे."

"तुमचं दिसतं म्हणून तर कुणीही येऊन नावं ठेवतं," ती म्हणायची. "मला नावं ठेवायची तर आधी मोटार उघडावी लागते."

मिस्त्रींना झटका आला तो एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला. दुरुस्तीला आलेल्या एका शिडाच्या होडीखाली उकिडवं बसून ते जुना रंग खरवडत होते. शेजारच्या शेडमध्ये फायबरच्या होड्या करणाऱ्या फायबरवाल्याला खरवडण्याचा आवाज थांबलेला जाणवला. तो डोकावला तेव्हा मिस्त्री एका कुशीवर कलले होते आणि खरवडणी हातातच होती.

सतरा दिवसांनी ते घरी आले. पाय ओढत का होईना, काठी घेऊन चालत होते. उजवा हात मात्र लोंबकळत होता आणि वाचा गेली होती. अगदी सगळी नव्हे. एक शब्द उरला होता, 'बरं'. चहा हवा का? बरं. नको का? बरं. औषध कडू आहे का? तरी बरंच. डॉक्टरांनी समजावलं, त्यांना सगळं कळतं, शब्द आत आहेत, फक्त बाहेरची वाट सापडत नाही. बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी येऊ लागली. ती चित्रं दाखवायची: कप, खुर्ची, मांजर. मिस्त्री चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि मग भिंतीकडे तोंड करायचे.

कॉइलवालीनं दुकानातून सुट्टी घेतली. दुसऱ्या शहरातून लेक आली, आठ दिवस राहिली, आणि जाताना सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "आई, शेड सोडून दे. दोघं माझ्याकडे या. बाबांना आता ती शेड नुसती डोळ्यांसमोर राहिली तरी त्रास."

"बघू," ती म्हणाली. 'बघू' म्हणजे नाही, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

पण शेड सोडायची तरी कशी? आत सरांची होडी उभी होती, अर्धी खरवडलेली.

सर म्हणजे निवृत्त भूगोलाचे मास्तर. उंच, किडकिडीत, बोलताना हातानं हवेत नकाशा काढणारे. पंचवीस फुटी, एका डोलकाठीची ती शिडाची होडी त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं तरुणपणी घेतलेली. सुट्ट्या लागल्या की दोघं निघायची, समोरच्या बेटांना वळसा घालून परत यायची. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या. तेव्हापासून होडी नांगरावर तशीच डुलत पडली होती. यंदा सरांनी मनावर घेतलं आणि ती मिस्त्रींकडे आणली.

सर भेटायला आले ते दारातच अवघडून उभे राहिले. "वहिनी, होडीची काही घाई नाही. मिस्त्रींना उठून उभं राहू दे."

"घाई कशी नाही?" ती म्हणाली. मोटारीच कळत असल्या तरी एका होडीवाल्याबरोबर उभा जन्म काढलेला होता. "लाकडी होडी फार दिवस पाण्याबाहेर राहिली की सुकते, फटी उघडतात. वारं फिरायच्या आत ती पाण्यात गेली पाहिजे." मग तिनं एक नजर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या नवऱ्याकडे टाकली. "तुमच्या होडीचं वायरिंगही करायचं होतं ना? ते तरी मी करते."

"तुम्ही?"

"नाहीतर काय, मांजराची चित्रं बघत बसू?"

दुसऱ्या दिवसापासून ती मिस्त्रींना घेऊन शेडवर जाऊ लागली. घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, हे खरं. पण ते काही खरं कारण नव्हतं.

तिनं त्यांची खुर्ची होडीसमोर मांडली. त्यांनी काठीनं जमीन टोकत खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले. "बरं," ती त्यांच्याच शब्दात म्हणाली आणि शिडी चढून होडीत उतरली.

आत सगळा पसारा सरांनी हौसेनं घातलेला. पुस्तकात बघून त्यांनी होडीचं वायरिंग स्वतः केलं होतं आणि दर सुट्टीत त्यात भर टाकली होती. बिछान्याच्या उशाशी वाचायचा दिवा. स्टोव्हच्या वर दुसरा दिवा. रेडिओ. तळाशी साचणारं पाणी उपसायचा पंप. एका रंगाची वायर संपली की दुसऱ्या रंगाची, तीही संपली की टेबल लॅम्पची चपटी दोरी. जोड नुसते पीळ मारलेले, वर चिकटपट्टी, आणि ती चिकटपट्टी वितळून गुळासारखी. तिनं एक वायर सोलली तर आतलं तांबं हिरवं आणि भुसभुशीत; बोटानं चिमटलं की पूड. ती आत बसून मोठ्यानं बोलत होती, म्हणजे बाहेर ऐकू जावं.

"अहो, ऐकलंत का? या दिव्याला चार जोड आहेत. चार! एवढ्याशा अंतरात! मुलांना जगाचे नकाशे शिकवले या माणसानं, आणि स्वतःच्या वायरिंगचा रस्ता त्याला सापडत नाही."

दुपारी ती खाली उतरली तेव्हा खुर्ची थोडी वळलेली होती.

असे नऊ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी ती आत वाकून वायर ओढत असताना लाकडावर आवाज आला. टक. टक. टक. तिनं वर डोकं काढलं. मिस्त्री उभे होते, डाव्या हातात काठी, आणि होडीच्या अंगावर ती आपटत एक एक पाऊल सरकत होते. टक. टक. मान तिरकी, डोळे मिटलेले. सुतार होडी डोळ्यांनी बघतो त्याहून जास्त कानांनी बघतो हे तिला माहीत होतं, पण इतक्या जवळून तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं. टक. टक. आणि मग: थप.

मिस्त्री थांबले. पुन्हा काठी मारली. थप. ते तिथेच उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा उतरला की ती शिडीच्या दोन पायऱ्या गाळून खाली आली.

डावी बाजू, पाण्याखालची तिसरी फळी. ती फळी कोणती हे तिला न सांगता कळलं.

आठ वर्षांपूर्वी मिस्त्रींनी ती बदलली होती. तीन वर्षांत ती पुन्हा मऊ पडली, म्हणून दुसऱ्यांदा बदलली. त्या वेळी सरांची बायको अंथरुणाला खिळलेली आणि सर चिडचिडे झालेले. धक्क्यावर दहा माणसांसमोर ते म्हणाले होते, "मिस्त्री, लाकूड कच्चं घातलंत तुम्ही." मिस्त्री तिथून सरळ घरी आले होते. जेवले नव्हते. पुढे कित्येक दिवस ते शेडमधल्या लाकडाच्या थप्पीपुढे उभे राहायचे, एक एक फळी उलटून बघायचे, नखानं टोचायचे. कुठे चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं. आणि आता तीच फळी तिसऱ्यांदा.

त्यांनी डाव्या हाताची चार बोटं लाकडावर ठेवली. तिनंही ठेवली. त्या जागी होडीच्या तळातून पाणी आत घ्यायचा एक पितळी व्हॉल्व्ह होता. त्याच्याभोवती वीतभर लाकूड ओल्या कापसासारखं झालं होतं, बोट रुतत होतं, आणि वर पांढरी खरपुडी.

"बरं," मिस्त्री म्हणाले.

पण तिची नजर त्या व्हॉल्व्हवर अडकली होती. सतत पाण्यात असणारं पितळ, इतक्या वर्षांचं, आणि काल बसवल्यासारखं धड. एक खड्डा नाही, एक चरा नाही. आणि भोवतीचं लाकूड मात्र गेलेलं. कुजायचं तर फळी कुठेही कुजेल. व्हॉल्व्हला वेढा घालून बरोबर गोल का कुजावी?

"थांबा हं जरा," ती म्हणाली.

ती पुन्हा आत गेली आणि पायाखालच्या फळ्या उचलल्या. व्हॉल्व्हच्या मानेला आतून एक वायर बांधलेली होती, ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जात होती. पुस्तकात वाचून सुरक्षितता म्हणून सरांनी घातलेली असणार. दुसरी वायर पंपाची. होडीवर कुणी नसतानाही पंप चालावा म्हणून ती मुख्य स्विच टाळून सरळ बॅटरीच्या धन टोकाला लावलेली. म्हणजे कायम जिवंत. आणि तिचा जोड, तो गुळासारखा जोड, तळाच्या पाण्यात बुडेल असा खाली लोंबत होता.

तिनं समुद्राचं बादलीभर पाणी आणून तळात ओतलं. बॅटरी जोडली, सगळे स्विच बंद केले आणि आपला जुना काट्याचा मीटर मध्ये लावला.

काटा हलला. थोडाच, पण हलला आणि तिथेच उभा राहिला. सगळं बंद असतानाही पंपाच्या जोडातून वीज पाण्यात गळून व्हॉल्व्हकडे जात होती.

"अहो!" ती आतूनच ओरडली. "अहो, तुमचं लाकूड कच्चं नव्हतं!"

मिस्त्रींना ते पटेना. वीज ही त्यांच्या लेखी दिवा लावणारी आणि झटका देणारी गोष्ट. ती लाकूड खाते म्हणजे काय? त्यांनी हात झटकला. त्यांना वाटलं असावं, बायको मन राखायला काहीतरी सांगतेय. मग तिनं वाद घातला नाही. एका बादलीत समुद्राचं पाणी भरलं. त्यांच्याच थप्पीतल्या लाकडाचा एक चांगला तुकडा घेतला, त्याच्या दोन टोकांना दोन पितळी स्क्रू पिळले, एकाला धन वायर, एकाला ऋण, आणि तुकडा बादलीत सोडून दिला. "आठ दिवस हात लावायचा नाही," तिनं बजावलं.

मिस्त्री रोज सकाळी आल्या आल्या आधी बादलीपाशी जायचे. चौथ्या दिवशी त्यांनी खुर्चीच तिकडे ओढली.

आठव्या दिवशी तिनं तुकडा बाहेर काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. धन बाजूचा स्क्रू झिजून सुईसारखा झाला होता. ऋण बाजूचा स्क्रू चकचकीत, जशाचा तसा. पण त्याच्याभोवती पांढरी खरपुडी धरली होती. मिस्त्रींनी तिथे नख लावलं. नख आत गेलं.

त्यांनी ते लाकूड उलटं करून पुन्हा नखानं टोचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ती घाबरून जवळ गेली तर ते हसत होते. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डाव्या हातानं तो ओला तुकडा तिच्या पदराला पुसत होते.

आता सरांना सांगणं आलं. ती दोन दिवस शब्द जुळवत होती. म्हातारा एकटा माणूस. त्या दिव्यांच्या उजेडात त्याची बायको वाचत पडायची. त्याला तोंडावर सांगायचं की तुमच्या हौसेनं तुमची होडी खाल्ली? पण न सांगितलं तर मिस्त्रींच्या नावावरचा डाग तसाच राहणार होता. शेवटी सर आले तेव्हा तिनं काहीच जुळवलेलं वापरलं नाही. बादली दाखवली, तुकडा हातात दिला, आणि कोणती वायर कुठे जाते ते सांगितलं.

सर तो तुकडा उलटासुलटा करत राहिले. "ही वायर मी बांधली," ते म्हणाले. "त्या दिवशी ती टॉर्च धरून बसली होती." मग तुकडा खाली ठेवून, "मी चारचौघांत बोललो होतो, वहिनी."

"हो."

"तुम्ही ऐकलं होतंत?"

"मी नव्हते तिथे. पण घरी जेवणाचं ताट परत गेलं, ते मी उचललं."

सर उठले. फायबरवाला दारात उभा होता, दोघंतिघं खलाशी बाहेर दोरखंड वळत होते. सर मिस्त्रींच्या खुर्चीपुढे गेले आणि वर्गात बोलत तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमचं लाकूड चांगलं होतं. चूक माझी होती. दोन्ही वेळा."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं. मग डावा हात पुढे करून सरांच्या सदऱ्याचं बटण धरलं, त्यांना खाली वाकवलं आणि गालावर एक हलकी चापट मारली, एखाद्या वात्रट पोराला मारावी तशी. खलाशी हसले. सरही हसले, पण त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

तिथून पुढे काम सुरू झालं ते खरं. मिस्त्रींचे कान आणि डोळे, तिचे हात. मोटारीची तार गुंडाळणारी बोटं नाजूक कामाला सरावलेली. रंधा मारायला खांद्यातून जोर लागतो. पहिल्या दिवशी तिनं फळीवर रंधा फिरवला तो उडी मारत गेला आणि लाकडावर पायऱ्या उठल्या. "बरं!" मिस्त्री खेकसले. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. "बरं, बरं, बरं!" तिसऱ्यांदा त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

तिनं रंधा खाली ठेवला. "माझ्यावर ओरडू नका. तीस वर्षांत मी एकदा तरी तुम्हाला मोटार भरायला बसवलंय का? आणि बसवलं असतं तर तुम्ही काय दिवे लावले असते ते मला माहीत आहे." एवढं बोलून ती शेडबाहेर जाऊन धक्क्यावर बसली.

थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. मिस्त्री शेजारी येऊन बसले. पाण्याकडे बघत त्यांचे ओठ हलत होते, मान ताठ झाली होती, कपाळावर शीर उभी राहिली होती. आणि मग एकदम तोंडातून बाहेर आलं, "रंधा."

ती वळली. "काय?"

"रंधा," ते पुन्हा म्हणाले, स्वतःच दचकून. त्यांनी डावा हात तिच्या पंजावर ठेवला आणि पुढे ढकलला; सुरुवातीला पुढचं टोक दाबायचं, शेवटी मागचं. हलकं, एका दमात.

त्या आठवड्यात आणखी शब्द आले. पाचर. खिळा. पटाशी. करवत. बोलणं शिकवणारी मुलगी चकित झाली आणि तिनं कप आणि मांजराची चित्रं पिशवीत भरून ठेवली. कॉइलवाली मात्र घरी येताना कुरकुरली, "तेहतीस वर्षं संसार केला. आणि माझा नंबर खिळ्याच्याही मागे!"

जुनी फळी निघाली. तिच्या जागी नवी बसवायची तर ती होडीच्या पोटासारखी वाकवावी लागते, आणि सुकं लाकूड वाकत नाही, मोडतं. म्हणून लांब पाइपात फळी घालून, खाली पाणी उकळत ठेवून तिला तासभर वाफ द्यायची. बाहेर काढली की मोजून दोन-तीन मिनिटं हातात. तेवढ्यात जागेवर बसवून शिकंज्यांनी आवळली नाही तर ती गार होऊन हटून बसते. हे दोघांचं काम नव्हे. सर आले. फायबरवालाही आला. तो महिनाभर सांगत होता की हे लाकूडबिकूड सोडा, वरून फायबर मारतो, जन्मात चिंता नको. पण त्या दिवशी हातमोजे घालून सगळ्यात आधी हजर झाला तो तोच.

मिस्त्री मध्ये उभे. काठी फायबरवाल्याकडे दाखवली, तिथे. सरांकडे, तिथे. बायकोला मधोमध. मग त्यांनी मान हलवली आणि तिनं पाइपाचं झाकण काढलं.

वाफेचा लोट आला. तिघांनी वाफाळती फळी धावत नेली, पुढचं टोक खाचेत गेलं, फायबरवाल्यानं शिकंजा आवळला. मधला भाग वाकू लागला. पण मागचं टोक सरांच्या हातात अडून राहिलं, चार बोटं बाहेर. सर लाल झाले. "येत नाहीये! वहिनी, येत नाहीये!"

"दाब!"

कोण ओरडलं ते बघायला कुणाला वेळ नव्हता. "दाब! दाब! खाली!" मिस्त्रींनी काठी टाकून दिली होती. ते सरांच्या मागून पुढे झुकले आणि सगळं अंग, लुळ्या हातासकट, फळीवर टाकलं. लाकूड कुरकुरलं, सरकलं आणि खटकन जागेवर बसलं. तिनं शिकंजा आवळला. दुसरा आवळला. तिसरा.

मग चौघं जमिनीवर बसली. कुणाच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. फायबरवाला म्हणाला, "मिस्त्री, आता तुम्ही बोलायला लागलात. म्हणजे परत माझ्या फायबरला शिव्या." मिस्त्रींनी जोरात मान हलवली.

फटींमध्ये कापसाची वात ठासायचं काम तिनं एकटीनं केलं. बोथट पटाशीनं वात आत बसवायची, वर लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरायची. फार ढिली बसली तर पाणी येतं, फार घट्ट बसली तर फुगलेलं लाकूड फळ्यांना ढकलतं. हे काम तिला आवडलं. हेही तसं भरणंच होतं. ती मनातल्या मनात ठोके मोजत पुढे सरकत होती आणि नादात एक अख्खी फट सोडून दुसरीत शिरली.

"अगं!"

ती मोजत असताना ओ द्यायची नाही. पण तिचा हात थांबला.

"अगं, ए!" मिस्त्री खुर्चीतून काठी नाचवत होते. "कुठे... कुठे चाललीस?"

"इथेच आहे," ती म्हणाली. चूक दुरुस्त करायला ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली, कारण तोंड वर करण्यासारखं नव्हतं.

वायरिंग तिनं मुळापासून नवं केलं. सगळे जोड वर, पाणी पोचणार नाही तिथे. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तिच्या अक्षरात चिठ्ठी: पंप, रेडिओ, स्टोव्हवरचा दिवा. व्हॉल्व्हची ती वायर तिनं काढूनच टाकली. उशाशी वाचायच्या दिव्याचं पितळी कवच मात्र घासून तेच लावलं. आतलं सगळं बदललं.

मधे लेक आली. ती समजावणीची तयारी करूनच आली होती. शेडमध्ये शिरली तर बाबा आईवर डाफरत होते, "काचपेपर! बारीक! बारीक!" आणि आई म्हणत होती, "कळलं हो, एकदा सांगितलंत की कळतं मला." लेक दारातच उभी राहिली. मग बाह्या वर करून काचपेपर घेऊन होडीच्या दुसऱ्या बाजूला बसली. शेड सोडायचा विषय निघालाच नाही.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी क्रेनच्या पट्ट्यांत ती हलकेच उतरली, आणि पाचच मिनिटांत आत पाणी. सगळ्या फटींतून पाझर. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी! बुडतेय!"

"तहान," मिस्त्री धक्क्यावरून शांतपणे म्हणाले.

"लाकूड पाणी पिऊन फुगेल, मग फटी मिटतील," तिनं उलगडून सांगितलं. "दोन दिवस पंप चालेल. चालू दे."

पंप चालला. पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी तासातासानं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तळात उतरली, पायाखालची फळी उचलली आणि हात फिरवला. आत ओल होती, पाणी नव्हतं. तिसऱ्या फळीच्या सांध्यावर तिनं बोट ओढलं, कोरडं ठाक.

त्या दिवशी सरांनी शीड उभारलं आणि दोघांना बरोबर घेतलं. इतकी वर्षं होडीवाल्याच्या घरात काढून ती शिडाच्या होडीत कधी बसली नव्हती. आधी वेळ नव्हता, मग कुणी विचारलं नव्हतं. वारं भरलं आणि होडी एका अंगावर कलली तशी तिनं दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला. "कलंडतेय का ही?"

"नाही हो वहिनी, अशीच चालते," सर म्हणाले. त्यांनी सुकाणूचा दांडा मिस्त्रींच्या डाव्या हातात दिला होता.

मिस्त्रींची वाचा पुढे पूर्ण आली नाही. शंभर-सव्वाशे शब्द परतले, त्यांतले निम्मे हत्यारांचे. उजव्या हातात कप धरण्याइतकी ताकद आली, रंधा धरण्याइतकी नाही. कॉइलवाली दुकानात परत गेली ती आठवड्याचे तीन दिवस. उरलेले दिवस शेडवर. वर्षाला दोन होड्या, जास्त नाहीत, असं त्यांनी ठरवलं. कुणी होडी दाखवायला आणली की मिस्त्री बाहेरून काठीनं ठोकत फिरतात आणि ती मीटर घेऊन आत शिरते.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी होडी बंदराच्या तोंडाबाहेर पडली, आणि पहिल्या मोठ्या लाटेवर नाक वर करून पलीकडे उतरली. कॉइलवालीला स्वतःलाच नवल वाटेल असं खळखळून हसू आलं. सरांनी बेटाकडे बोट दाखवून विचारलं, "वळायचं का परत? पहिला दिवस आहे."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. तिनं कठड्यावरचा एक हात सोडला, वाऱ्यानं तोंडावर आलेले केस मागे सारले आणि म्हणाली, "आता आलोच आहोत तर वळसा घालून जाऊ या."